भिंत आधी की पीक? बाख्त्रीच्या सरहद्दीवरचं एक सरकारी पत्र, इ.स.पू. 348

माणसं जमवून झाली होती, मुदत ठरली होती. गावाभोवती भिंत उभारायची आणि खंदक खणायचा, असा वरचा हुकूम होता. पण कुदळ पडण्याआधीच गावातली मंडळी अधिकाऱ्यासमोर येऊन उभी राहिली. टोळ आलाय, फार आलाय, आणि पीक कापणीला आलंय. आत्ता भिंतीला लागलो तर मुलखाचं नुकसान होईल. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं आणि वर कळवलं, की या लोकांना सोडण्याचा अधिकार मला नाही.

हे घडलं इ.स.पू. 348 च्या जूनमध्ये. गावाचं नाव निख्शपय. पुढच्या काळातलं नख्शब, आजच्या उझबेकिस्तानातलं कर्शी. अधिकारी बगवंत, खुल्मीचा सुभेदार. खुल्मी म्हणजे उत्तर अफगाणिस्तानातलं खुल्म, बल्खच्या पूर्वेला. हुकूम देणारा अख्वमझ्द, बहुधा बाख्त्री प्रांताचा, म्हणजे बल्खभोवतीच्या मुलखाचा, क्षत्रप. बहुधा म्हणायचं, कारण पत्रांत त्याच्या नावापुढे तो किताब दिसत नाही. पण तो ज्या सुरात लिहितो त्यावरून दुसरं काही मानणं अवघड आहे. तेव्हा गादीवर प्राचीन इराणच्या हखामनी घराण्याचा तिसरा अर्तक्षत्र होता, ग्रीकांचा आर्टाझर्क्सीस, आणि त्याच्या कारकिर्दीचं 11 वं वर्ष चालू होतं. पत्रावर तारीख आहे 3 सिवान; सिवान हा बाबिलोनी पंचांगातला, जूनच्या आसपासचा महिना.

इराणी साम्राज्याचा सरहद्द प्रांत कसा चालायचा, हे सांगायला सहसा शिलालेख आणि ग्रीक इतिहासकार पुढे केले जातात. दोन्हींत राजे बोलतात. या पत्रात एक मधला अधिकारी बोलतो, म्हणून मी ते निवडलं.

कागद कुठून आले

कागद म्हणजे चामडं. अरमाइक भाषेत, म्हणजे त्या साम्राज्याच्या कारभाराच्या भाषेत, शाईनं लिहिलेले 30 चामडी दस्तऐवज आणि 18 लाकडी काठ्या, असा हा संग्रह आज लंडनच्या खलिली संग्रहात आहे. यातलं काहीच रीतसर उत्खननात सापडलेलं नाही. सगळं पुरावस्तूंच्या बाजारातून आलं, त्यामुळे ते कुठल्या मातीतून, कुठल्या खोलीतून निघालं हे सांगणारा पुरावा कायमचा गेला. जेरुसलेमचे योसेफ नावेह आणि शाऊल शाकेद यांनी 2012 मध्ये हे दस्तऐवज वाचून प्रसिद्ध केले. त्याआधी बाख्त्रीचा हखामनी कारभार म्हणजे जवळजवळ अंधारच होता.

या पत्रांपैकी काहींत दुरुस्त्या आहेत, शब्द खोडून वर लिहिलेले आहेत. त्यावरून संपादकांचं मत असं, की बगवंताच्या हाती पडलेली ही पत्रं नसून क्षत्रपाच्या कचेरीत ठेवलेले मसुदे असावेत. म्हणजे आपण पाहतो आहोत ते दप्तर. हा शब्द इथे मुद्दाम वापरतोय. ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कातडं. तोच शब्द फारसी-अरबीतून 'दफ्तर' होऊन आपल्याकडे आला. पेशवे दप्तरात आणि शाळकरी पोराच्या पाठीवर त्याचं मूळचं कातडं कुणाला आठवत नाही इतकंच. जुन्या इराणी भाषेत लेखनाला 'दिपी' म्हणत. अशोकाच्या शाहबाझगढीच्या लेखात तो शब्द तसाच आहे, इतरत्र त्याची 'लिपी' झाली. दिपी राखणारा तो पुढे दबीर झाला, आणि शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतल्या सुमंताला डबीर म्हणत. अख्वमझ्दाच्या कचेरीत बसलेला लेखनिक आपल्या वाटतो त्याहून जवळचा नातेवाईक आहे.

पत्र जवळून

बगवंतानं पाठवलेला मजकूर स्वतंत्रपणे हाती आलेला नाही. तो कळतो अख्वमझ्दाच्या उत्तरातून, कारण उत्तराची सुरुवातच त्यानं होते: तू मला असं असं कळवलंस. मग बगवंताचं म्हणणं जवळजवळ पूर्ण उतरवलेलं. निख्शपयच्या भोवती भिंत आणि खंदक बांधावा असा आपला हुकूम होता, त्याप्रमाणे मी मुदत ठरवली, सैन्य जवळ आणलं. मग स्पैता नावाचा माणूस, न्यायाधीश आणि त्या मुलखाच्या शिबंदीतले आणखी काही जण माझ्याकडे आले आणि टोळाचं सांगू लागले. शेवटी, यांना सोडायचा अधिकार मला नाही.

सरकारी टिपणी ज्यांनी कधी लिहिली किंवा वाचली असेल, त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येईल. आधी संदर्भ, मग वस्तुस्थिती, मग 'आदेशार्थ सादर'. बगवंत कुठेही म्हणत नाही की लोक खरं बोलताहेत, सोडावं. सोडू नये असंही म्हणत नाही. टोळ किती आहे हे तो स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. ते गावकऱ्यांच्या तोंडी घालतो. पण एवढं सगळं तपशिलात लिहून पाठवणं हीच शिफारस असते. काम थांबवायचं नसतं तर लिहिलंच कशाला असतं?

निर्णय थोडक्यात आहे. तुझ्याजवळ जे सैन्य आहे त्यांना सोड, त्यांच्या कामाला जाऊ दे. टोळाचं बघू देत, पीक कापू देत. वेळ आली की मग ती भिंत आणि खंदक बांधतील. खाली, हा हुकूम कोणा लेखनिकाच्या माहितीत आहे त्याची नोंद, तारीख, आणि पत्ता: खुल्मीच्या बगवंताला. चामडं काही ठिकाणी तुटलं आहे, काही शब्दांवर पंडितांत वाद आहे, पण निर्णयाविषयी वाद नाही.

टोळ जूनमध्येच का

उत्तर अफगाणिस्तान आणि दक्षिण उझबेकिस्तान हा मोरोक्कन टोळाचा मुलूख. त्याची अंडी वसंतात फुटतात. आधी पंख नसलेली पिल्लं जमिनीवरून थव्यानं सरकतात, आणि पंख फुटून मोठी होईपर्यंत गव्हा-जवाची कापणी येऊन ठेपते. बगवंताच्या पत्रातला महिना नेमका या वेळेचा आहे. 2023 च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं याच जातीच्या टोळाबद्दल इशारा दिला, तेव्हा बल्ख आणि समंगान हे प्रांत यादीत होते. खुल्मची जागा त्याच पट्ट्यात येते.

विदर्भात 2020 च्या मे महिन्यात टोळधाड आली ती वेगळ्या जातीची होती, वाळवंटी टोळाची, आणि मध्य प्रदेशातून अमरावती, नागपूरकडे उतरली. पण त्या दिवसांत शेतात थाळ्या वाजवत, धूर करत फिरलेल्या माणसाला निख्शपयच्या लोकांची घाई समजावून सांगावी लागणार नाही. टोळ बसला की दिवसांचं नाही, तासांचं गणित असतं. इथे तर निरोप जाऊन हुकूम परत यायचा होता. बल्ख ते कर्शी सरळ रेषेत सुमारे 250 किलोमीटर, मध्ये अमू दर्या. घोडेस्वार कितीही दामटला तरी उत्तर यायला काही दिवस गेलेच असणार, आणि ते दिवस पिकानं भरले.

सैन्य म्हणजे कोण

या प्रकरणाची किल्ली एका साध्या गोष्टीत आहे. भिंत बांधायला जमवलेल्या सैन्याला कापणीला जायचं होतं. म्हणजे हे बराकीतले पगारी शिपाई नव्हते. स्वतःचं शेत असलेली, बोलावलं की हत्यार किंवा फावडं घेऊन यायची, अशी ही माणसं. हखामनी साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बाबिलोनियात, हीच रीत लिखित स्वरूपात दिसते. तिथे 'धनुष्याची जमीन', 'घोड्याची जमीन' असे तुकडे दिले जात, आणि धारकानं धनुर्धर किंवा घोडेस्वार पुरवायचा असे. बाख्त्रीत नेमकी कुठली पद्धत होती ते या कागदांत नाही, पण शेत आणि शिबंदी एकाच माणसाच्या गळ्यात होती हे उघड दिसतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायचं, या मराठी सैन्याच्या वेळापत्रकामागेही हेच होतं.

म्हणून अख्वमझ्दाचा निर्णय दयाळूपणाचा होता असं मला वाटत नाही. काही अभ्यासक या पत्रात साम्राज्याचा लवचिकपणा पाहतात, आणि तो आहेच. पण आधी हिशेब पाहावा. पीक गेलं तर सारा गेला. सारा गेला तर कोठारं रिकामी, आणि कोठारं रिकामी असली की त्याच सैन्याला शिधा कुठून द्यायचा? त्यात उपाशी माणसांकडून भिंत बांधून घेणं हे जास्तीचं. भिंत थांबू शकत होती, गहू थांबू शकत नव्हता. हे निख्शपयमध्ये उभ्या असलेल्या कुणालाही कळत होतं. तरीही ते ठरवायला पत्र नदीपलीकडे जावं लागलं, यात या कारभाराचा खरा स्वभाव दिसतो.

बगवंत इतका जपून का होता

त्याला कारण होतं. पाच वर्षं आधीच्या, इ.स.पू. 353 च्या पत्रात तो आरोपीसारखा दिसतो. उंटवाल्यांनी थेट अख्वमझ्दाकडे तक्रार नेली होती, की खुल्मीचे अधिकारी आमच्याकडून नसलेला कर वसूल करतात. अख्वमझ्दानं त्यावर बगवंताला खडसावून लिहिलं. उंट म्हणजे इथला दोन मदारींचा बाख्त्री उंट; हखामनी राजधानी पर्सेपोलिसच्या जिन्यावरच्या शिल्पात बाख्त्रीचे लोक राजाला भेट म्हणून तोच घेऊन चाललेले कोरले आहेत. अशा जनावरांची काळजी घेणाऱ्यांना छळणं म्हणजे सरकारी वाहतुकीत हात घालणं होतं.

आणखी एका पत्रात अख्वमझ्द स्वतःच्या घरांबद्दल चिडलेला आहे. छपरं घालायला सांगितली होती, तू केलं नाहीस. धान्य, तीळ आणायला सांगितले होते, तेही नाही. नाही केलंस तर तुझ्या घरातून पुरेपूर भरून घेईन. क्षत्रपाचं खाजगी काम आणि सरकारी काम यांत इथे फारसा आडपडदा नाही. एकाच शाईत, एकाच सुरात दोन्ही येतात. अशा साहेबाच्या हाताखाली पाच वर्षं काढलेला माणूस टोळधाडीत सैन्य सोडण्याचा निर्णय स्वतःच्या नावावर घेईल, हे संभवत नाही. भिंत राहिली असती तर खर्च त्याच्या घरातून निघाला असता.

अजून एक कोडं. बगवंत खुल्मीचा सुभेदार, आणि भिंत निख्शपयला. खुल्मी अमू दर्याच्या दक्षिणेला, बाख्त्रीत; निख्शपय उत्तरेला, सोग्द देशात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं साम्राज्याचे कर-विभाग दिले आहेत, त्यांत बाख्त्री 12 व्या विभागात, वर्षाला 360 टॅलंट चांदी देणारी, आणि सोग्द 16 व्या विभागात, पार्थिया, ख्वारझ्म वगैरेंबरोबर. वरवर पाहता दोन वेगळे प्रांत. पण या पत्रांत बल्खहून सोग्दच्या गावांची बांधकामं ठरताहेत. किश, म्हणजे आजचं शहरीसब्ज, हेसुद्धा या कागदांत येतं. निदान इ.स.पू. चौथ्या शतकात नदीपलीकडचा मुलूख बाख्त्रीच्याच हुकुमाखाली होता, असं यावरून धरायला हरकत नाही.

भिंत कुणापासून

पत्रात शत्रूचं नाव नाही. उत्तरेला गवताळ मैदान होतं आणि त्यात शक टोळ्या. साम्राज्याचा संस्थापक सायरस याच बाजूच्या मस्सगेत टोळ्यांशी लढताना मेला, असं हिरोडोटस सांगतो. पुढचा राजा पहिला दार्युश, त्याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात बाख्त्रीचा क्षत्रप दादर्शी हा शेजारच्या मार्गियानातलं बंड मोडून काढतो. म्हणजे हा प्रांत स्वतः सरहद्द असूनही दुसऱ्यांना आवरणारा होता. राजघराण्यातली माणसं इथे क्षत्रप म्हणून यायची. क्षयार्शचा, म्हणजे झर्क्सीसचा, भाऊ मसिस्तेस इथलाच क्षत्रप होता, आणि भावाशी वैर आल्यावर बंड करायला तो बाख्त्रीकडेच निघाला. वाटेत मारला गेला. दार्युशच्या सूसा इथल्या लेखात राजवाड्याचं सोनं सार्दिस आणि बाख्त्रीहून आणल्याची नोंद आहे. श्रीमंत, दूर आणि घोडेस्वारांनी भरलेला प्रांत. आपल्याकडे वर्तमानपत्रं बड्या जिल्हा पुढाऱ्यांना 'क्षत्रप' म्हणतात, ती उपमा बाख्त्रीच्या क्षत्रपांना चपखल बसते.

अशा भिंती मातीच्या असत. त्या किती टिकायच्या याचा नमुना पुढे मिळतो. इ.स.पू. 329 मध्ये सिकंदर याच सोग्दच्या सरहद्दीवर, सिर दर्याच्या बाजूला पोचला, तेव्हा तिथली सात गावं बंड करून उठली. गाझा नावाच्या गावाची भिंत मातीची आणि कमी उंचीची होती, असं सिकंदराचा ग्रीक चरित्रकार आरियन लिहितो. गोफणवाले आणि बाण मारणारे यांच्या माऱ्याखाली तटावरची माणसं हटली, शिड्या लागल्या, गाव पडलं. दोन दिवसांत पाच गावं घेतली.

पुढचं दप्तर

निख्शपयची भिंत अखेर बांधली गेली का, याची नोंद या 30 चामड्यांत नाही. पण दप्तर पुढे चालू राहतं, आणि तिथे मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

18 लाकडी काठ्या शेवटच्या हखामनी राजाच्या, तिसऱ्या दार्युशच्या, 3 ऱ्या वर्षातल्या आहेत. काठीवर मालाच्या संख्येइतक्या खाचा, बाजूला देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं, आणि मग काठी उभी चिरलेली: अर्धी एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. दोन्ही जुळवल्या की खाचा जुळतात, कुणी एक जास्तीची पाडली तर लगेच उघड. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही हिशेब बोटानं चाचपता यायचा. त्याच वर्षी साम्राज्याच्या पश्चिम टोकाला दार्युश सिकंदराशी इस्ससची लढाई हरला होता किंवा हरण्याच्या बेतात होता. खुल्मीकडे काठ्या चिरल्या जात होत्या.

इ.स.पू. 331 मध्ये गौगमेलाच्या लढाईत सिकंदरानं दार्युशला पुन्हा हरवलं. दुसऱ्या वर्षी बाख्त्रीचा क्षत्रप बेस्सस आणि त्याच्या साथीदारांनी पळणाऱ्या दार्युशला मारलं, आणि बेस्सस स्वतःला अर्तक्षत्र म्हणवू लागला. हे ग्रीक लेखक तिरस्कारानं सांगतात: मुकुट राजासारखा ताठ घातला, नाव बदललं, राजा झाला म्हणे. बाख्त्रीच्या दप्तरात याच काळातली शिध्याची एक लांबलचक यादी आहे. अर्तक्षत्र राजाचं 1 लं वर्ष, किसलेव महिना, म्हणजे इ.स.पू. 330 चा नोव्हेंबर-डिसेंबर. बयस बाख्त्रीहून वर्नूला गेला तेव्हा त्याच्यासाठी काढलेला शिधा. बयस म्हणजे बेस्सस; वर्नू बहुधा आरियनचं आओर्नोस, बल्खखालोखालचं शहर, जे सिकंदरानं पुढच्या वसंतात घेतलं. मेंढ्या, कोंबड्या, हंस, पीठ असा सगळा तपशील त्यात आहे. बंडखोर म्हणून ग्रीकांनी हिणवलेला माणूस इथल्या कारकुनाच्या लेखी रीतसर राजा होता, आणि राजाचा शिधा ठरल्या रीतीनं मोजून निघत होता. राजाच्या नावाच्या जागी नवं नाव टाकलं. बाकीचा रकाना तोच.

बेस्ससला अमू दर्यापलीकडे पकडलं. सोग्दी सरदार स्पितमेनेसनं सिकंदराविरुद्ध उभारलेलं बंड सोग्दमध्ये इ.स.पू. 327 च्या आसपासपर्यंत धुमसत राहिलं. गावं जळली, गढ्या पडल्या, ग्रीक शिबंद्या बसल्या. या सगळ्यात लेखनिक कुठे होते ते कुणी लिहिलं नाही. पण संग्रहातल्या एका चामड्यावर, त्याच अरमाइक भाषेत, त्याच वळणाच्या अक्षरांत, जवाच्या वाटपाचा हिशेब आहे. जव कुणाला दिले, कुणाच्या जागी दिले, किती दिले. वर तारीख आहे. महिना टोळाच्या पत्रातलाच, सिवान. 15 वा दिवस. आपल्या गणतीनं इ.स.पू. 324 ची 8 जून. कापणीचे दिवस. वर्ष: अलेक्संद्रस राजाचं 7 वं.